‘येतो’ आणि ‘या’ : अनाहूतांविषयी काही विचार

न बोलावता आलेल्या माणसासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे बोलावून आलेल्यासाठी नाहीत. आमंत्रित आणि निमंत्रित एवढ्यावर बोलावलेल्यांचे प्रकरण आटोपते, आणि हे दोन्ही शब्दही बहुधा लग्नपत्रिकेच्या किंवा कविसंमेलनाच्या बाहेर फिरकत नाहीत. उलट अतिथी, अभ्यागत, आगंतुक, अनाहूत, उपटसुंभ, घुसखोर अशी न बोलावलेल्यांची रांग उंबऱ्यापासून फाटकापर्यंत लागलेली असते. ही रांग वरवर पाहता समानार्थी शब्दांची वाटली, तरी तिच्यातील क्रम यजमानाच्या कपाळावरील आठ्यांच्या संख्येनुसार लागलेला आहे, आणि एकच माणूस सकाळी अतिथी म्हणून येऊन तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत या रांगेत बराच खाली सरकू शकतो. या शब्दांचे अर्थ आधी पाहून, मग ते अर्थ पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, विशेषतः नरपड या किनाऱ्यावरील गावाच्या आसपास, कितपत टिकतात हे तपासणे उद्बोधक ठरेल. कारण ज्या भागात पवित्र अग्नीपासून भूकंपापर्यंत आणि चिकूपासून बंदरापर्यंत बहुतेक सर्व गोष्टी कोणी रीतसर बोलावलेले नसताना आलेल्या आहेत, तेथे या विषयाला सामग्रीची वाण पडत नाही.

अतिथी या शब्दाची परंपरेने सांगितलेली फोड अशी की, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. आधुनिक भाषाभ्यासक हा शब्द सतत हिंडणे या अर्थाच्या ‘अत्’ धातूपासून आला असे मानतात, आणि दोन्ही व्युत्पत्तींत मतभेद कितीही असले, तरी यजमानाला आधी कळवलेले नसते याविषयी दोहोंचे एकमत आहे. अभ्यागत म्हणजे समोर येऊन उभा राहिलेला. त्याने दार वाजवण्याचा टप्पाही वगळलेला असतो. आगंतुक याचा मूळ अर्थ केवळ येणारा एवढाच निरुपद्रवी असला, तरी आयुर्वेदाने व्याधींचे निज आणि आगंतु असे दोन वर्ग केले, म्हणजे शरीरातच उद्भवणाऱ्या व्याधी एकीकडे आणि घाव, विषबाधा यांसारख्या बाहेरून येऊन जडणाऱ्या दुसरीकडे; आणि घरोघरच्या यजमानांनी हे वर्गीकरण वैद्यांना न विचारता नातेवाइकांनाही लागू केले. अनाहूत या शब्दात बोलावणे या अर्थाचा ‘ह्वे’ धातू असून तेथे ‘हू’ दीर्घ आहे, हे मुद्रितशोधकाने जपले पाहिजे. तो ऱ्हस्व झाल्यास त्याचा संबंध होमात टाकणे या अर्थाच्या ‘हु’ धातूशी जुळतो आणि न बोलावलेला पाहुणा एकदम अग्नीत न टाकलेला पाहुणा होतो. शुद्धलेखनाच्या या एका चुकीत यजमानाचे मनोगत इतके नेमके उतरते की, तिला चूक म्हणणे अवघड जाते.

रांगेच्या शेवटच्या दोन शब्दांत संस्कृतचा आडपडदा उरत नाही. उपटसुंभ म्हणजे ज्याचे आगापिछा, नातेगोते, ओळखपाळख यांपैकी काहीच सांगता येत नाही आणि तरीही जो पंगतीत पहिल्या वाढपाला बसलेला असतो तो. घुसखोर हा शब्द तर घुसणे हे देशी क्रियापद आणि खाणारा या अर्थाचा ‘खोर’ हा फारसी प्रत्यय यांच्या संयोगाने झालेला असून, ज्या प्रत्ययाने लाचखोर लाच खातो त्याच प्रत्ययाने घुसखोराचाही जेवणाशी संबंध जोडला गेला आहे. सीमेवरून येणाऱ्या शत्रूसाठी वर्तमानपत्रांनी हा शब्द राखून ठेवला असला, तरी त्याच्या घडणीत मांडवाच्या मागील बाजूने शिरून जिलबीचे ताट गाठणाऱ्या माणसाचीच चर्या अधिक स्पष्ट दिसते. या सर्वांत पाहुणा हा एकच शब्द असा आहे की, ज्यावरून माणूस बोलावून आला की आपणहून आला हे कळत नाही, आणि म्हणूनच घरात सर्वांच्या देखत तोच वापरायचा असतो. बाकीचे शब्द स्वयंपाकघरासाठी आहेत.

क्रियापदांची साक्षही याच बाजूची आहे. बोलावलेला पाहुणा नुसता येतो. न बोलावलेला उगवतो, टपकतो, थडकतो, अवतरतो किंवा येऊन धडकतो. सूर्य उगवतो, पिकलेले फळ टपकते, लाट किनाऱ्यावर थडकते आणि देव अवतरतो, यांपैकी कोणालाही कधी पत्रिका गेलेली नसते. अर्थात ही क्रियापदे वापरणारी भाषा अशा माणसाला निसर्गशक्तींच्या वर्गात घालते आणि निसर्गशक्तींपुढे जे करता येते, म्हणजे आणखी दोन वाट्या भात टाकणे, तेच करण्याचा सल्ला गृहिणीला देते.

बोलावण्याचे शास्त्रही यापेक्षा सोपे नाही. विध्यर्थाची रूपे कोणत्या अर्थांनी वापरावीत हे सांगताना पाणिनीने निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन शब्द शेजारी शेजारी पण वेगळे मांडले, आणि पुढील वैयाकरणांनी त्यांतील भेद असा उलगडला की, निमंत्रण हे पाळावेच लागते, जसे श्राद्धाला बोलावलेल्या ब्राह्मणाने गेलेच पाहिजे; आमंत्रणात मात्र यावे की न यावे हे येणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले असते. हा भेद ध्यानात घेतला की, ‘आग्रहाचे निमंत्रण’ छापून वर तोंडाने ‘जमलं तर या’ म्हणणारा आजचा यजमान व्याकरणदृष्ट्या एकाच वेळी दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा असतो हे लक्षात येते. खेडोपाडी यासाठी आवतण हा सुटसुटीत शब्द आहे, आणि चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरातील चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सर्वांनी जेवायला यायचे, असा त्याचा अर्थ नेमका ठरलेला आहे. चूल हे मोजमाप धरल्यामुळे माणसे मोजावी लागत नाहीत. शहरी पत्रिकेतील ‘सहकुटुंब सहपरिवार’ या शब्दांत मात्र कुटुंब कोठे संपते आणि परिवार कोठे सुरू होतो हे पाहुण्याने ठरवायचे असते, आणि तो ते नेहमीच उदारपणे ठरवतो.

मराठी पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत आढळणारे एक वाक्य तर तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. नजरचुकीने कोणाला निमंत्रण द्यायचे राहून गेले असल्यास हेच निमंत्रण समजावे, असा त्याचा आशय असतो; आता ज्याला पत्रिका मिळाली त्याला या वाक्याची गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पत्रिका पोहोचलेली नाही, त्यामुळे ते नक्की कोणी वाचायचे हा प्रश्न उरतो. उत्तर व्यवहाराने दिलेले आहे. ते वाक्य शेजाऱ्याच्या घरी, शेजाऱ्याच्या नावाने आलेल्या पत्रिकेवर वाचायचे असते. अशा रीतीने अनाहूत या वर्गाला मराठी लग्नसंस्थेने स्वतःच्या हाताने, अक्षता लावून, मान्यता दिलेली आहे. ती मान्यता काही काळ सरकारने काढून घेतली होती: २०२० मध्ये करोनाच्या साथीत लग्नसमारंभाला ५० माणसांची आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात २५ माणसांची, तीही दोन तासांपुरती, मर्यादा घालण्यात आली, तेव्हा वधूवर, त्यांचे आईवडील, मामा, भटजी आणि छायाचित्रकार वजा जाता उरलेल्या जागांसाठी सख्ख्या भावंडांनाही अनाहूत ठरण्याची वेळ आली. न बोलावता येणारे तर सोडाच, बोलावलेलेही येऊ शकत नाहीत असा तो अपूर्व काळ होता, आणि तो संपल्यावर सर्वांत मोठा सुस्कारा केटरिंगवाल्यांनी सोडला असला, तरी दुसरा क्रमांक नजरचुकीने राहिलेल्यांचाच लागेल.

सिद्धान्ताकडून स्थळाकडे वळताना नरपडचा भूगोल सांगणे आवश्यक आहे. चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर डहाणू रोड हे पश्चिम रेल्वेचे स्थानक आहे. तेथून किनाऱ्याकडे येऊन उत्तरेला बोर्डीच्या दिशेने जाणारा रस्ता धरला की, एका हाताला सुरूची झाडे व त्यांच्या पलीकडे समुद्र आणि दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या, अशा मधल्या जागेत नरपड लागते, आणि पुढे चिखले, घोलवड व बोर्डी ही गावे येतात. या भूगोलाचा प्रस्तुत विषयाशी असा संबंध आहे की, ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं’ हे अनाहूताचे जे सर्वमान्य निमित्त आहे ते नरपडला फारसे लागू पडत नाही. पश्चिमेला अरबी समुद्र असल्याने त्या बाजूला कोणी चाललेला असण्याचा संभव नाही, आणि बोर्डीला निघालेल्या माणसाजवळ दोन दिवसांचे कपडे, टॉवेल आणि मुलांच्या फुटबॉलसह इतके सामान का असावे याचा खुलासा ते निमित्त करत नाही. तरीसुद्धा यजमान ‘आज वाट कशी चुकलात?’ असे विचारतो आणि पाहुणा हसतो. दोघांनाही ठाऊक असते की नरपडला वाट चुकून येता येत नाही.

पाहुण्याच्या पूर्वसूचनेची व्यवस्था या किनाऱ्यावर फार काळ कावळ्याकडे होती. कुंपणावर किंवा आढ्यावर कावळा ओरडला की पाहुणा येणार, ही समजूत महाराष्ट्रभर जुनी आहे आणि ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत तर आगमनाचा शकुन सांगणाऱ्या या पक्ष्याला मानाचे स्थान मिळालेले आहे. मात्र जेथे बोंबील वाळत घातलेले असतात तेथे कावळा दिवसभर स्वतःच्याच कामासाठी ओरडत असतो, आणि त्यामुळे किनाऱ्यावरील घरांना त्याची सूचना आणि त्याची भूक यांतील फरक ओळखण्याचा जास्तीचा सराव करावा लागला. १६ एप्रिल २०१३ रोजी मुंबईची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि घरोघर मोबाईल आले, तेव्हा कावळ्याचे हे खाते बंद पडून ते फोनकडे गेले. फोनवरील सूचना कावळ्यापेक्षा स्पष्ट असली, तरी तिची वेळ शास्त्रशुद्ध रीतीने निवडलेली असते. ती घरून निघताना दिल्यास नकार येण्याचा धोका आणि दारात दिल्यास असभ्यतेचा आरोप, म्हणून ती स्थानकावर उतरल्यावर, रिक्षात बसण्यापूर्वी दिली जाते. ‘आम्ही डहाणूला उतरलोय, तुम्ही घरीच आहात ना?’ या वाक्यात प्रश्नचिन्ह असले, तरी प्रश्न नसतो.

त्यानंतर जो संवाद होतो तो इतका ठरलेला आहे की, त्याला विधी म्हणणेच योग्य. पाहुण्याने ‘काही करत बसू नका हं वहिनी, आम्ही खाऊन निघालोय’ असे म्हणावयाचे. वहिनींनी ‘नुसता चहा टाकते, चहाला काय लागतं?’ असे म्हणावयाचे. चहा संपेपर्यंत पाहुण्याने ‘आज बाजारात ताजं काय आलं होतं?’ अशी केवळ ज्ञानलालसेने चौकशी करावयाची. आणि यजमानाने ‘आता आलाच आहात तर जेवूनच जा’ असा समारोप करावयाचा. या शेवटच्या वाक्यातील ‘आलाच आहात’ मधील ‘च’ हे संपूर्ण प्रकरणाचे सार आहे. झालेल्या घटनेची नोंद, तिच्यावरील मत आणि तिचा स्वीकार या तिन्ही गोष्टी मराठी गृहस्थ एका अक्षरात उरकतो, आणि पाहुणा त्यातील फक्त स्वीकार ऐकतो.

न बोलावता येणाऱ्यांचा या भागातील सर्वांत प्रसिद्ध दाखला नरपडपासून फार दूर नाही. डहाणू रोडनंतर घोलवड, मग गुजरातच्या हद्दीतील उंबरगाव रोड आणि त्यापुढे संजाण. इराणातून निघालेले झरतुष्ट्राचे अनुयायी समुद्रमार्गे येऊन याच संजाणला स्थिरावले असे पारशी परंपरा सांगते, आणि १६०० च्या सुमारास बहमन कैकोबाद याने फारसीत रचलेल्या ‘किस्से संजान’ या काव्यात जादी राणा नावाच्या राजाने त्यांना घातलेल्या अटी दिलेल्या आहेत. स्थानिक भाषा बोलावी, स्त्रियांनी स्थानिक पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवावीत, लग्ने संध्याकाळी लावावीत, अशा त्या अटी पाहता, जादी राणा हा न बोलावलेल्या पाहुण्याला बसा म्हणण्यापूर्वी घरातील नियम सांगणारा या किनाऱ्यावरील पहिला यजमान ठरतो. काठोकाठ भरलेले दुधाचे भांडे पाठवून ‘जागा नाही’ असे सुचवणाऱ्या राजाला पाहुण्यांनी त्यात साखर विरघळवून उत्तर दिले, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट मात्र त्या काव्यात नसून मागाहून लोकांच्या तोंडी रुळलेली आहे. हे गोष्टीच्या विरोधात जात नाही. न बोलावता आलेले माणूस इतके आवडू लागते की, त्याच्या येण्याची याहून चांगली हकिकत यजमान आणि पाहुणा मिळून रचतात, असा त्याचा अर्थ होतो. पुढे संजाणवर सुलतानी फौज चालून आली, तेव्हा हे जुने पाहुणे आपला पवित्र अग्नी घेऊन बोर्डीमागच्या बारोटच्या डोंगरातील गुंफांत बारा वर्षे राहिले, असे परंपरा मानते. आपणहून आलेल्यांवर आणखी कोणी आपणहून आले की आधीचे तत्काळ मूळचे रहिवासी ठरतात, हा समाजशास्त्रीय नियम येथे सोदाहरण सिद्ध होतो.

त्याच नियमाचे फलरूप उदाहरण म्हणजे चिकू. चिकूचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तेथील नावात्ल भाषेत त्याच्या झाडाच्या चिकाला जो शब्द होता त्यावरून स्पॅनिश भाषेमार्गे त्याचे हे नाव पडले, आणि याच चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनत असे. नावाची मराठीतील चीक आणि चिकटणे या शब्दांशी जुळणी हा केवळ योगायोग असला, तरी एखाद्या पाहुण्याने दारात उभे राहून आपले आडनाव चिकटे असे सांगावे आणि यजमानाने तो इशारा समजू नये, तसे काहीसे येथे घडलेले आहे. महाराष्ट्रातील चिकूच्या लागवडीची सुरुवात १८९८ साली घोलवडला झाली असे मानले जाते. त्यानंतर पारशी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेली इराणी कुटुंबे, तसेच स्थानिक बागायतदार यांनी घोलवड-बोर्डीपासून डहाणूपर्यंतच्या वाड्या कालीपत्ती जातीच्या चिकूने भरून टाकल्या. म्हणजे आपणहून आलेल्या माणसांनी आपणहून आलेल्या झाडाची जोपासना केली, आणि ते झाडही असे की वर्षभर थोडे थोडे फळ देत राहते. बारमाही पाहुण्याला बारमाही फळ, अशी ही निसर्गाची तरतूद आहे. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन म्हणजे अमुक गुणाचा माल अमुक भूमीतच होतो याची सरकारी नोंद; माणसांच्या भाषेत त्याला रेशनकार्ड म्हणता येईल. ते मिळायला या मेक्सिकन पाहुण्याला ११८ वर्षे लागली, आणि ज्यांना कोणत्याही कागदासाठी कचेरीत खेटे घालावे लागले आहेत त्यांना हा कालावधी अवास्तव वाटणार नाही.

मात्र सर्व आगंतुकांनी दुधात साखर घातली असे समजणे चुकीचे होईल. या मुलखातील जंगल-जमीन कसणाऱ्या वारल्यांच्या दारात सावकार आणि जमीनदार जेव्हा आले, तेव्हा त्यांनी यजमानालाच आपल्या घरचा पाहुणा, आणि तोही बिनपगारी, करून टाकले. लग्नगडी या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी होती की, लग्नाच्या खर्चासाठी कर्ज घेणारा वारली ते फिटेपर्यंत बायकोसह जमीनदाराकडे राबत असे, आणि ते सहसा फिटत नसे. मांडवात न बोलावता शिरलेला माणूस फार तर एक पान जेवून उठतो. येथे एक सावकार अख्खे लग्न जेवत असे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या परिषदेला इकडचे काही वारली गेले, आणि त्याच वर्षी २३ मे रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी पुढे लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोदुताई वारल्यांच्या बोलावण्यावरून आल्या होत्या, परंतु जमीनदारांच्या लेखी त्या अनाहूतच होत्या. यावरून कोण बोलावलेला आणि कोण न बोलावलेला हे ठरवण्यापूर्वी घर कोणाचे हा प्रश्न सोडवावा लागतो, असे दिसते. वारल्यांनी स्वतः हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. त्यांच्या लग्नात भिंतीवर लिहिल्या जाणाऱ्या चौकात पालघट देवीभोवती माणसे, झाडे, गुरे, पाखरे सर्वांना जागा असते, आणि तारपा वाजू लागला की नाचणाऱ्यांचा फेरा मागून येणाऱ्यासाठी उघडाच राहतो. तेथे हातात यादी घेऊन उभा असलेला माणूस कोणत्याही चित्रकाराने, अगदी गंजाडच्या पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनीसुद्धा, रंगवल्याचे दिसत नाही.

अलीकडच्या आगंतुकांचा आकार मोठा आहे. पाहुण्याने किती जागा मागावी याचे भान सुटले की काय होते, हे तीन पावले जमीन मागणाऱ्या वामनाच्या कथेवरून शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे, आणि म्हणूनच बलिप्रतिपदेला तो वामनाची नव्हे, बळीची आठवण काढतो. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये अधिसूचनेने जाहीर केले; त्याच तालुक्यात १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र धूर सोडू लागले; आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले, ज्याचे काम पाहुणे येण्यापूर्वी त्यांची चौकशी करणे हे होते. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला दारातूनच परत पाठवले. बंदराने तेव्हा ‘येतो’ म्हटले असावे, कारण २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घातला जाणार असल्याने, बसायला सतरंजीही स्वतःच घेऊन येणारा हा या किनाऱ्यावरील पहिलाच पाहुणा म्हणावा लागेल. मच्छीमारांनी ‘रद्द, रद्द’ म्हणून दिलेल्या घोषणा म्हणजे यजमानाचे म्हणणे होय; ते ऐकण्यासाठी सरकारकडे जनसुनावणी नावाचा विधी आहे, ज्यात पाहुणा यजमानाला आमंत्रण पाठवतो.

ज्यांना कोणतेही प्राधिकरण अडवू शकत नाही असे पाहुणे जमिनीखालून आणि समुद्रातून येतात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले आणि थंडीच्या रात्री लोकांना तंबूंत झोपावे लागले. दार न वाजवता थेट घर वाजवणाऱ्या या आगंतुकाशी विनोद करण्याची सोय नाही, एवढीच त्याची नोंद पुरे. याउलट पावसाळ्यात खवळलेला समुद्र जखमी कासवांना वाळूवर आणून टाकतो, आणि अशा कासवांसाठी डहाणूला वनविभाग व स्थानिक प्राणिमित्र यांचे उपचारकेंद्र आहे. येथे पत्रिका, फोन, कावळा यांपैकी काहीही नसताना आलेल्याला खाट मिळते, औषध मिळते आणि बरे झाल्यावर समुद्रापर्यंत पोहोचवायला माणसे जातात. अतिथी देव असतो हे वचन ज्या घरांतून चौकटीत लावलेले आढळते, त्यांतील फार थोड्या घरांत अतिथीला परतीच्या वाटेपर्यंत सोडायला इतकी माणसे निघतात, आणि निघाली तरी त्यांच्या चेहऱ्यावर दुःखच असेल असे नाही.

एवढ्या उदाहरणांनंतर अनाहूताची व्याख्या करण्याचा प्रयत्न केला, तर ती येण्याच्या क्षणावरून करता येत नाही असे आढळते. पारशी, चिकू, सावकार, बंदर आणि रिक्षातून उतरलेले कुटुंब हे सर्व सारख्याच रीतीने, म्हणजे कोणाला न विचारता, आलेले आहेत. व्याख्येची किल्ली मराठीने जाण्याच्या क्षणी ठेवलेली आहे. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ मानले जाते. तो ‘येतो’ म्हणतो. त्यावर यजमान ‘या’ म्हणतो. सीमेलगतच्या या तालुक्यांत गुजराती शेजारीही निघताना ‘आवजो’, म्हणजे पुन्हा यावे, असेच म्हणतो, त्यामुळे दोन्ही भाषांत उंबऱ्यावरचा हा करार सारखाच आहे. म्हणजे स्वागताला जो शब्द तोच निरोपाला, आणि निघणाऱ्या प्रत्येक माणसाला पुढच्या वेळेचे आमंत्रण तोंडी, मुदतीविना आणि नजरचुकीच्या तळटीपेविना दिले जाते. ज्याने एकदा ‘येतो’ म्हटले आणि ‘या’ ऐकले, तो पुढे कधीही टपकला तरी भाषेच्या दृष्टीने बोलावूनच आलेला असतो. यजमान ज्याला अनाहूत म्हणतो तो बहुतेक वेळा त्यानेच मागच्या खेपेस बोलावलेला माणूस असतो, फक्त तारीख घालायची राहिलेली असते. खरा अनाहूत तोच, जो ‘येतो’ म्हणत नाही, कारण त्याच्या मनात उठण्याचा विचारच नसतो. सावकार आणि भूकंप यांच्या शब्दकोशात हे क्रियापद नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, पारशी आणि चिकू हेसुद्धा उठून गेले नाहीत. परंतु घरातला माणूसही बाजारात निघताना ‘येतो’ असेच म्हणतो, आणि पाहुण्याचे ‘येतो’ कोणत्या दिवशी घरच्या माणसाचे ‘येतो’ होते हे कोणालाच सांगता येत नाही. तो दिवस उलटून गेल्याची खूण नरपडच्या कोणत्याही वाडीत रविवारी दुपारी पाहता येते. दोन दिवस राहिलेले कुटुंब लोकलची वेळ पाहून उठते, पुरुष ‘येतो’ म्हणतात, यजमान ‘या’ म्हणतात, आणि वहिनी आतून एक जड पिशवी आणून पाहुण्यांच्या हातात देतात. नको नको म्हणणाऱ्या पाहुण्यांना त्या म्हणतात, ‘असू द्या हो, घरचेच आहेत.’ पिशवीत चिकू असतात. ते अर्धकच्चे असून चार दिवसांनी, सर्व एकाच दिवशी पिकणार असतात. आणि तेव्हा मुंबईतील त्या घराला ते संपवण्यासाठी, आधी न कळवता, शेजाऱ्यांची दारे वाजवावी लागणार असतात.